पत्र्याची तालीम

पायाखालचा पत्रा गेला आहे, हे मला पहिल्या मोठ्या पावसात कळलं. सोलापूरच्या विजापूर रोडवर घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि चेतक स्कूटरच्या फूटबोर्डवरच्या रबरी मॅटच्या कडेनं चिखलाचं पाणी वर उसळत होतं. घरी येऊन मॅट उचलली. खाली तळहाताएवढ्या जागेत लोखंड उरलंच नव्हतं, तपकिरी पापुद्रे होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते सरळ खालच्या फरशीला लागलं.

ही गाडी वडिलांची. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायच्या काळात त्यांनी ती मिळवली होती. मी शाळेत गेलो तो याच फूटबोर्डवर पुढे उभा राहून. गाडी दोन ठिकाणी दाखवली. एके ठिकाणी भंगारात द्यायचा सल्ला मिळाला. दुसरीकडे मोठ्या आर्क मशीननं जोड मारून बघितला, तेव्हा तळहाताएवढं भोक ताटलीएवढं झालं. त्या कारागिराला मी दोष देत नाही. तो दिवसभर गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडतो. पाच मिलिमीटरच्या अँगलला जे चालतं ते एक मिलिमीटरच्या पत्र्याला चालत नाही. पण त्या संध्याकाळी मी ठरवलं की हा पत्रा आपण स्वतः जोडायचा. त्यातून दोन वर्षांत तीन वह्या भरल्या. कुठल्या दिवशी किती व्होल्ट ठेवले, तार किती वेगानं सोडली, कुठं भोक पडलं, का पडलं, अशा नोंदींच्या वह्या. हे पुस्तक त्या वह्यांमधून निघालं आहे.

ते कुणासाठी आहे, हे आधीच सांगतो. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर, सिंगल फेजवर चालणारं लहान मिग मशीन घेऊन पातळ पत्रा जोडायला शिकू पाहणाऱ्या माणसासाठी, ज्याच्या हातात याआधी कधी वेल्डिंगची टॉर्च आलेली नाही. ज्यांना यावर पोट भरायचं आहे त्यांनी आयटीआयचा रस्ता धरावा. वेल्डर हा तिथला एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी पास झालेल्याला प्रवेश मिळतो, आणि तिथं पत्र्याबरोबर जाड प्लेट, पाइप, गॅसकटिंग सगळं हाताखालून जातं. सोलापूरची शासकीय आयटीआय विजापूर रोडवरच आहे. जे शिक्षण निदेशकाच्या नजरेखाली रोज होतं त्याची जागा पुस्तक घेऊ शकत नाही, आणि हे पुस्तक तसा दावा करत नाही.

मला शिकवलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांनी नाव छापू नका असं बजावलं आहे, म्हणून मी त्यांना इथं मामाच म्हणतो, जसं सगळी गल्ली म्हणते. त्यांचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. त्या अरुंद रुळांवरच्या गाड्यांचं हे वर्कशॉप. लोखंडावर हात फिरवून ते कुठं ताणलं आहे आणि कुठं सैल आहे हे ओळखायची सवय मामांना घरातून मिळाली. त्यांच्या शेडमध्ये आजही मशीनवर ‘सीओटू’ असंच खडूनं लिहिलेलं आहे. मिग हा शब्द ते वापरत नाहीत, आणि शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचंच बरोबर आहे. मिग म्हणजे निष्क्रिय वायूच्या आवरणाखालचं धातूचं वेल्डिंग. कार्बन डायऑक्साइड निष्क्रिय नाही, आर्कच्या उष्णतेत तो फुटतो आणि वितळलेल्या लोखंडाशी थोडीफार प्रक्रिया करतो. बाजारात मात्र मिग हे नाव रुळलं आहे, म्हणून पुस्तकात मीही तेच ठेवलं आहे.

पहिल्या दिवशी मामांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. त्यांच्या शेजारी काळी काच धरून उभं राहायला सांगितलं. “ठिणगी बघू नका सर, तळं बघा.” ठिणगीच्या मागं वितळलेल्या लोखंडाचा एक लहानसा, मसुराएवढा चमकता थेंब असतो. तेच तळं. ते कडेला भिजतंय का, फुगतंय का, मध्येच खाली बसतंय का, हे ज्याला दिसतं त्याला वेल्डिंग येतं. मला ते दिसायला तीन आठवडे लागले. त्याआधी मला फक्त पांढरा उजेड दिसत होता. शिकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की हे तीन आठवडे टाळू नका. शेजारी उभं राहून बघायला कुणी मिळालं तर पुस्तकाआधी ते करा.

दुसरी गोष्ट मामांनी सांगितली ती एका शब्दातच होती, आणि माझ्या मते या सगळ्या पुस्तकाचा गाभा तिथं आहे. टाका. आपल्याकडे शिंपीही टाका घालतो आणि वेल्डरही टाका मारतो. जाड लोखंडात टाका तात्पुरता असतो: दोन तुकडे हलू नयेत म्हणून चार टाके मारायचे आणि मग वरून सलग रेघ ओढायची. पातळ पत्र्यात सलग रेघ ओढायचीच नाही. टाक्याशेजारी टाका, त्याच्या शेजारी टाका, असा सगळा जोड टाक्यांचाच करायचा. आणि प्रत्येक टाक्यानंतर हात उचलायचा. मी ट्रिगर दाबून धरला की मामा मागून म्हणत, “उचला की सर, हात उचला.” दोन वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही.

हात का उचलायचा, याचं कारण पत्र्याच्या जाडीत आहे. लोखंड साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं. आर्कचं तापमान त्याच्या कितीतरी पट असतं. दहा मिलिमीटरच्या प्लेटवर ती उष्णता पडली की आजूबाजूचं लोखंड तिला ओढून घेतं, पसरवतं, तळं गोठवतं. पातळ पत्र्यात ओढून घ्यायला लोखंडच नसतं. उष्णता जिथं पडली तिथं साठते, तळं पसरतं, आणि खालून आधार नसल्यानं ते स्वतःच्या वजनानं गळून पडतं. बघता बघता भोक पडतं. भोकाची कड उरलेल्या पत्र्याहूनही पातळ झालेली असते, म्हणून ते बुजवायला पुन्हा ट्रिगर दाबला की भोक वाढतं. माझ्या चेतकची ताटली अशीच झाली होती.

ढोबळ हिशोब असा आहे: एक मिलिमीटर जाडीच्या साध्या लोखंडाला साधारण ४० अँपिअर लागतात, दीड मिलिमीटरला साठ. आपल्याकडच्या दुकानांत आर्क मशीनसाठी १२ नंबरचा रॉड म्हणून जो अडीच मिलिमीटरचा मिळतो, त्याची आर्क नीट चालायला साठ ते नव्वद अँपिअर हवेत. म्हणजे रॉडला जे कमीत कमी लागतं तेच पत्र्याला जास्त होतं. निष्णात माणूस रॉडनंही २० गेजचा पत्रा जोडतो, मी ते पाहिलं आहे, पण त्यासाठी आयुष्य जातं. मिगची तार ०.८ किंवा ०.६ मिलिमीटरची असते, कमी अँपिअरवर शांतपणे जळते, आणि ट्रिगर सोडला की त्याच क्षणी थांबते. नवशिक्याला पत्र्याजवळ जाता येतं ते या थांबण्यामुळं.

ही सोय फार जुनी नाही. तार सतत पुढं सरकत राहील आणि तिच्याभोवती वायूचं आवरण असेल, ही पद्धत १९४८ साली अमेरिकेत बॅटेल या संशोधन संस्थेत उभी राहिली, तीही आधी ॲल्युमिनियमसाठी. तेव्हा वापरत होते ते निष्क्रिय वायू महाग होते. १९५३ साली कार्बन डायऑक्साइड वापरता येतो हे सिद्ध झालं आणि पद्धत लोखंडाच्या कामाला परवडू लागली. तरी पातळ पत्रा तिच्या आवाक्यात नव्हता. तो आला १९५८-५९ च्या सुमारास, बारीक तार आणि कमी व्होल्टेजची जोडणी जमल्यावर. या जोडणीत तार तळ्याला टेकते, क्षणभर आर्क विझते, टेकलेलं टोक वितळून तळ्यात जातं, आर्क पुन्हा पेटते. सेकंदाला वीसपासून दोनशे वेळा हे घडतं. मधल्या विझण्यामुळं पत्र्याला दम मिळतो.

हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येतं. व्होल्टेज आणि तारेचा वेग जुळले की कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज येतो. तार जास्त वेगानं येत असेल तर ती तळ्यात वितळण्याआधीच खाली ठोकते आणि टॉर्च हाताला मागं ढकलते. वेग कमी असेल तर तार वरच जळते, थेंब मोठा होऊन थपकन पडतो, शेवटी तार तांब्याच्या टिपला चिकटून बसते. माझ्या घरात हा फरक आधी बायकोला कळला. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, “आज आवाज तुटत नाहीये.” त्या दिवशीचे आकडे मी वहीत लाल पेनानं लिहिले आहेत: १ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, ०.८ ची तार, १५.५ व्होल्ट. तुमच्या मशीनवर तेच आकडे चालतील असं नाही. आवाज मात्र तोच असेल.

सोलापूरच्या माणसाला या मशीनच्या पोटात काय आहे ते समजायला वेळ लागू नये. आत तारेचं रीळ असतं, दोन रोलर तार ओढतात, लांब नळीतून ती टॉर्चपर्यंत जाते. बाजूची पट्टी काढून मी पहिल्यांदा आत पाहिलं तेव्हा यंत्रमागाशेजारची कांडी भरायची जागा आठवली. रोलर जास्त आवळला आणि पुढं तार अडली, तर मागं तिचा गुंता होतो, सुताचा होतो तसाच. आणि सुतासारखाच तो ओढून सुटत नाही. कापून टाकावा लागतो. १८७७ साली इथं पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून या गावानं ताण आणि ओढ यांचा हिशोब केला आहे. पत्र्याच्या कामात तोच हिशोब पुन्हा भेटतो.

तो सगळ्यात जास्त भेटतो पत्रा वाकतो तेव्हा. भोक पडणं लगेच दिसतं. वाकणं मागाहून येतं, आणि नवशिक्याचा धीर तिथंच सुटतो. तापलेली पट्टी पसरू पाहते, पण आजूबाजूचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, म्हणून ती जागच्या जागी दाबली जाते आणि जाड होते. थंड होताना आकसते तेव्हा ती मूळच्यापेक्षा आखूड झालेली असते. टॉवेलची कड शिवताना दोरा जास्त ओढला गेला तर कडेला चुण्या पडतात आणि मधलं कापड फुगतं. इथंही जोडाची रेघ आखूड होते आणि मधला पत्रा पोट काढतो. एकदा हे पोट आलं की ते दाबून जात नाही, एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूला निघतं. उपाय दोनच. पहिला, उष्णता एके ठिकाणी साठू न देणं: एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा दोघांच्या मध्ये, आणि उघड्या हाताची बोटं टेकवता येतील इतका जोड निवल्याशिवाय शेजारचा टाका नाही. दुसरा, टाका मारल्यावर मागं डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वर हलक्या हातोडीनं ठोकणं, म्हणजे आकसलेली रेघ पुन्हा ताणली जाते. डेंटिंगची कामं करणारे हे रोज करतात. त्या ठोक्यांवर मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि ते लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

भोक पडू नये म्हणून तांब्याची पट्टी हा आणखी एक सोबती. भेगेच्या मागं जाड तांब्याचा तुकडा घट्ट दाबून धरला की तळ्याला खालून आधार मिळतो. तांबं साध्या लोखंडाच्या सात-आठपट वेगानं उष्णता वाहून नेतं, म्हणून ते स्वतः वितळत नाही आणि लोखंड त्याला चिकटत नाही. भंगारात जुन्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या तांब्याच्या पट्ट्या वजनावर मिळतात. त्यातली वीतभर पट्टी घेऊन ठेवा.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडखाली, लांब बाह्यांचा शर्ट, चामड्याचे हातमोजे आणि हेल्मेट घालून बसल्यावर पहिला हात पंख्याच्या बटणाकडे जातो. पंखा लावला की तारेभोवतीचा वायू उडून जातो, जोडात बारीक छिद्रं पडतात आणि आतून तो खरवडलेल्या इडलीसारखा दिसतो. मी एक आख्खा आठवडा मशीन बिघडलं असं समजून काढला. मागं कूलर चालू होता. उन्हाळ्यात साडेसहा ते नऊ या वेळात काम करा, तीन बाजूंनी पत्रे उभे करून वारा अडवा, आणि दुपारी सफाई, कटिंग, बेंडिंग असली कामं ठेवा.

त्याहून गंभीर गोष्ट सिलिंडरची आहे. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात असतो. ३१ अंश सेल्सिअसच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, कितीही दाब असला तरी. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने दुपारची हवाच त्याहून गरम असते, आणि उन्हात ठेवलेलं सिलिंडर तर कितीतरी अधिक. तापमान चढत जातं तसा आतला दाब झपाट्यानं वाढतो. म्हणून सिलिंडर सावलीत, उभं, भिंतीला साखळीनं बांधलेलं असावं. हे मी पुस्तकात चार ठिकाणी लिहिलं आहे आणि मुद्दाम लिहिलं आहे. बंद खोलीत हा वायू साठला तर तो तळाशी बसतो आणि श्वास कोंडतो, म्हणून तळघरात किंवा दार लावलेल्या खोलीत हे काम करू नये.

गॅसशिवाय चालणारी, पोटात फ्लक्स भरलेली तारही मिळते. ‘गॅसलेस मिग’ म्हणून विकली जाणारी स्वस्त यंत्रं या तारेवर चालतात. वाऱ्यात, गच्चीवर ती उपयोगी आहे. पण पातळ पत्र्याला ती गरम पडते आणि छर्रेही फार उडवते. शिवाय तिला जोडणी उलटी लागते: साध्या तारेला गॅससह टॉर्च धन टोकावर, फ्लक्सच्या तारेला बहुधा ऋण टोकावर. यंत्राच्या आत एक लहान पट्टी उलटवून हे करायचं असतं. ती न उलटवता महिनाभर झगडणारे दोघेजण मला माहीत आहेत. माझा सल्ला असा की पत्राच जोडायचा असेल तर गॅसचा खर्च सोसा.

डोळ्यांबद्दल मी कठोरपणे लिहिलं आहे, कारण ते मी भोगलं आहे. दुसऱ्याच महिन्यात, फक्त तीन टाके म्हणून हेल्मेट न घालता डोळे मिटून मारले. मिटलेले डोळे पुरत नाहीत. दिवसभर काही वाटलं नाही. रात्री दीडच्या सुमारास जाग आली ती डोळ्यांत वाळू भरल्यासारखी. आर्कमधल्या अतिनील किरणांनी डोळ्याचा पुढचा पडदा भाजतो आणि त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून कारण आणि परिणाम यांचा संबंध नवशिक्याला लागत नाही. बटाट्याचे काप, गुलाबपाणी, दूध असे उपाय प्रत्येक कारखान्यात सांगतात. त्यांनी थंड वाटतं, इलाज होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दहा ते बारा नंबरच्या काचेचं हेल्मेट मशीनच्या आधी विकत घ्या. आणि शेजारच्यांचा विचार करा. गल्लीतली मुलं तो उजेड बघायला थांबतात, त्यांना थांबू नका एवढं सांगून भागत नाही. आडोसा लावायलाच हवा.

कपडे सुतीच घाला. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुताला भोक पडतं आणि विझतं. पण सुताची दुसरी बाजू सोलापूरकरानं विसरू नये. ज्या घरात माग आहे, तिथं कोपऱ्याकोपऱ्यात, तुळयांवर, बोर्डाच्या मागं कापसाचे उडालेले तंतू साठलेले असतात. त्यात पडलेली ठिणगी ज्योत न होता तासन्‌तास धुमसते आणि माणसं झोपल्यावर पेट घेते. मागाच्या खोलीत किंवा तिच्या भिंतीला लागून वेल्डिंग करू नका. दुसरीकडेही काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबा, पाण्याची बादली हाताशी ठेवा.

जीआय पत्र्याचा मोह टाळा. कूलरच्या गंजलेल्या बॉडीपासून पाण्याच्या टाकीच्या झाकणापर्यंत घरातला निम्मा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आणि शिकणारा हात आधी तिकडेच जातो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी त्याचा धूर झालेला असतो. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही अशी समजूत आहे. गुळानं फुप्फुसातला धूर निघत नाही. मुलामा घासून काढा, मोकळ्या हवेत बसा, धुराच्या वरच्या बाजूला डोकं आणू नका. आणि शिकायला साधा सीआर पत्रा घ्या.

मिगचा एक धोका मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. तिचा जोड सुंदर दिसतो. रॉडच्या जोडात काही चुकलं तर ते वरूनच कळतं. मिगनं ओढलेली रेघ नाण्यांच्या चळतीसारखी देखणी असू शकते आणि तरी खाली पत्र्याला धरलेली नसते, नुसती वर बसलेली असते. म्हणून या पुस्तकातला प्रत्येक सराव तोडण्यावर संपतो. जोडलेला तुकडा व्हाइसमध्ये धरा, हातोडीनं वाकवा, जोड फाटतो की शेजारचा पत्रा फाटतो ते बघा. मागच्या बाजूला उष्णतेची निळसर रेघ आणि तळ्याचा बारीक उभार दिसला पाहिजे. माझ्या पहिल्या साठ पट्ट्यांपैकी बावन्न हातानं तुटल्या. त्या मी पोत्यात ठेवल्या आहेत, आणि शिकायला येणाऱ्या मुलांना आधी त्या दाखवतो.

याच कारणासाठी झोपाळ्याचे हूक, गच्चीचे कठडे, जिने, गाडीची चासी, कसल्याही दाबाच्या टाक्या, पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, या वस्तू नवशिक्यानं जोडू नयेत. पुस्तकात त्या कुठंही नाहीत. आहेत त्या वस्तू साध्या आहेत: औजारांची पेटी, कुंड्यांचा स्टँड, शेगडीचा आडोसा, टपालपेटी, आणि शेवटी गंजलेल्या पत्र्याला ठिगळ.

ठिगळ शेवटी का, तर ते माझ्या चेतकचं आहे. ही गाडी १९७२ साली बाजारात आली, पण तिचं कूळ इटलीच्या व्हेस्पाचं. व्हेस्पाचा आराखडा कोरादिनो दास्कानिओ या विमानं आखणाऱ्या अभियंत्यानं केला आणि १९४६ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. मोटारसायकलला असतो तसा नळ्यांचा सांगाडा तिला नाही. साच्यात दाबून आकार दिलेला पत्रा हाच सांगाडा. फूटबोर्ड सडला म्हणजे गाडीचा कणाच सडायला लागला. म्हणून मी तिला आठ महिने हात लावला नाही. पेट्रोलची टाकी उतरवून दुसऱ्या घरी ठेवली, बॅटरी काढली, गंज चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला. मधल्या उंचवट्याखालचा भार घेणारा भाग मामांनी जोडला. मी शेजारी काच धरून उभा होतो. दोन्ही बाजूंचे सपाट तुकडे मी जोडले. डाव्या बाजूला एकशे चौदा टाके आहेत, उजव्या बाजूला एकशे नऊ. मोजून वहीत लिहिले आहेत. डाव्या बाजूला दोन भोकं पडली, ती तांब्याची पट्टी लावून बुजवली.

पुस्तकाचं नाव मित्रांनी विचारलं तेव्हा मला दुसरं सुचलं नाही. सोलापुरात पत्रा तालीम नावाची जुनी तालीम आहे, गावात सगळ्यांना ठाऊक असलेली. ते नाव मी आयुष्यभर ऐकत आलो. आखाड्यात पोरगा पहिले कित्येक महिने जोर-बैठका काढतो, माती उकरतो, थोरांची कुस्ती बघतो; लगेच कुणी त्याला मैदानात सोडत नाही. पत्र्याचं कामही त्याच रीतीनं शिकावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून या पुस्तकात तीनशे टाके होईपर्यंत कुठलीही वस्तू बनवायला सांगितलेली नाही. घाई असलेल्या वाचकाला हे जाचेल. त्यानं तरीही ते करावं, ही विनंती.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी तीन गोष्टी घरात आणा. एक चांगलं हेल्मेट. भंगारातून किंवा पत्र्याच्या दुकानातून एक किलो सीआर पत्र्याची कात्रणं, १८ गेजची, गंज नसलेली. आणि एक कोरी वही. पहिला टाका मारला की त्या दिवसाची तारीख, व्होल्ट आणि तारेचा वेग तिच्यात लिहा, भोक पडलं तरीही.